हृदय दमलं की किडनी पाणी का साठवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 68 वर्षांचे. मागे हार्ट अटॅक येऊन गेला, टू-डी इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता 30 टक्के निघाली. पायांना सूज, रात्री धाप. हृदयाच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली आणि एनालाप्रिल सुरू केली. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीचं गाळण कमी झालं की रक्तात वाढणारं द्रव्य) 1.3 वरून 1.6 वर गेलेलं. आता नात्यातले एक जण सांगतायत की हृदयाच्या गोळ्या किडनी खराब करतायत, त्या कमी करा आणि पाणी भरपूर पाजा. शिवाय वडिलांना तहानही फार लागते. मग ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर देतो, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका आणि पाणी भरपूर पाजू नका. 1.6 हा आकडा डॉक्टरांना कळवा, त्याच रक्तात पोटॅशियम किती आहे ते बघा, आणि पुढची तपासणी कधी करायची ते त्यांनाच विचारा. आता कारण सांगतो. ते नीट समजलं, तर पुढच्या वर्षभरात घरात असे जे दहा प्रश्न उभे राहणार आहेत, त्यातले निम्मे तुमचे तुम्हालाच सुटतील.

तुमच्या घरात हृदय विरुद्ध किडनी असा सामना लागला आहे. वडिलांच्या शरीरात असा सामना नाही. त्यांची किडनी तिच्या समजुतीप्रमाणे चोख काम करते आहे. तिच्यापर्यंत पोचणारी खबर मात्र दिशाभूल करणारी आहे.

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून जेमतेम 300 ग्रॅम भरतं. पण निरोगी हृदय मिनिटाला जे पाच लिटर रक्त बाहेर टाकतं, त्यातलं एक लिटरभर एकट्या किडन्यांकडे जातं. एवढं रक्त त्यांना स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही, ते गाळण्यासाठी येतं. दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे गाळलेल्यातलं 99 टक्के किडनी परत रक्तात घेते. या परत घेण्यात जरासा फरक पडला तरी शरीरातलं पाणी लिटरांनी वाढतं किंवा घटतं. तुमच्या वडिलांच्या पायांची सूज इथून सुरू होते, पायांत नाही.

किती परत घ्यायचं हे किडनी ठरवते कसं? तिच्या गाळण्यांकडे रक्त आणणाऱ्या बारीक रोहिण्यांच्या भिंतीत काही खास पेशी असतात. भिंत किती ताणली जाते, मुख्यतः ते त्यांना कळतं. ताण चांगला असेल तर त्या स्वस्थ असतात. ताण कमी झाला की रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. बस. हृदय कसं चाललंय, फुप्फुसात पाणी साचलंय का, पाय सुजलेत का, यातलं काही त्यांना दिसत नाही. पाटाच्या टेलला शेत असलेल्या शेतकऱ्याला पाणी कमी आलं एवढंच दिसतं; धरण आटलं की वरचं दार अडकलं हे त्याला तिथून कळत नाही. किडनीचंही तसंच आहे. दाब कमी झाला की ती एकच अर्थ काढते: शरीरातलं पाणी किंवा रक्त कमी झालं आहे, आता एक थेंबही वाया घालवायचा नाही.

रेनिनचा शोध तसा जुना आहे. 1898 साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. किडनी म्हणजे नुसती गाळणी नाही, ती रक्तदाबाशीही बोलते, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मात्र रेनिन स्वतः दाब चढवत नाही. ते पुढे काय करतं, तो प्रवास मला वैद्यकशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो.

यकृत एक प्रथिन बनवून रक्तात सोडत असतं, अँजिओटेन्सिनोजेन. ते एरवी नुसतंच फिरत असतं. रेनिन त्याचा एक तुकडा तोडतं. हा तुकडाही फारसा कामाचा नसतो. तो रक्ताबरोबर फुप्फुसात जातो. तिथल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर एसीई नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं; ते त्या तुकड्याला आणखी छाटतं आणि अँजिओटेन्सिन-2 तयार होतं. हे मात्र जबरदस्त आहे. ते रोहिण्या आवळतं, म्हणून दाब वाढतो. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला सांगून अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं, आणि अल्डोस्टेरॉन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. मेंदूत जाऊन तहान लावतं. पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतं, म्हणजे लघवीवाटे जाणारं पाणीही अडतं.

किडनी, यकृत, फुप्फुस, अधिवृक्क, मेंदू. एक निरोप पोचवायला पाच ठिकाणचे हात लागतात. शाळेत आपण पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जन संस्था अशी वेगवेगळी प्रकरणं पाठ करतो आणि तीच सवय मोठेपणी दवाखान्यात घेऊन जातो: हे हार्टचं, हे किडनीचं, हे पोटाचं. शिकवायला ती विभागणी सोयीची आहे. आजारी माणूस समजून घ्यायला ती अपुरी पडते, असं माझं ठाम मत आहे.

ही यंत्रणा कशासाठी आहे, हेही बघा. जुलाबांनी सुकलेलं लेकरू, बाळंतपणात रक्त गेलेली बाई, अपघातात रक्तस्राव झालेला माणूस, हे सगळे उपचार मिळेपर्यंत तग धरतात ते हिच्या जोरावर. हृदय दमलं आहे, पाणी मात्र उलट जास्तच आहे, हा प्रसंग तिच्या हिशेबात धरलेलाच नाही.

तुमच्या वडिलांचं हृदय अटॅकनंतर पूर्वीइतकं जोरात रक्त ढकलत नाही. किडनीला ताण कमी जाणवतो. रेनिन सुटतं आणि मीठ-पाणी अडवलं जातं. मानेतल्या आणि महारोहिणीतल्या दाब मोजणाऱ्या जागाही मेंदूला तीच खबर देतात, म्हणून नाडी जलद चालते आणि हातपाय गार पडतात. सुरुवातीला याचा फायदा होतो, कारण जास्त रक्त परत आलं की हृदयाचा स्नायू जास्त ताणला जाऊन थोडं जोरात आकुंचन पावतो. पण ताणण्यालाही मर्यादा असते. ती ओलांडली की आलेलं रक्त पुढे जात नाही, मागे तुंबतं. तरी किडनीला कळतो तो पुढचा कमी दाबच, म्हणून ती आणखी पाणी अडवते. शरीरात कित्येक लिटर पाणी जास्त असताना वडिलांना तहान का लागते, त्याचं उत्तर इथे आहे. त्यांची तहान खोटी नाही, त्यांना ती खरंच लागते. पण ती पाण्याच्या तुटवड्यातून आलेली नाही. तोंड ओलं करायला घोटभर पाणी, चूळ, लिंबाची फोड चोखणं, यावर ती भागवायची. दिवसाचं पाणी किती ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं माप धरा. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा यात नाही.

तुंबलेल्या रक्ताचं पुढे काय होतं ते एका रात्रीतून दाखवतो, कारण रात्रीच्या तक्रारी घरचे लोक हमखास वेगवेगळ्या समजतात.

दिवसभर माणूस बसलेला किंवा उभा असतो, तेव्हा जास्तीचं पाणी पायांत उतरतं. नडगीवर अंगठा दाबून धरला तर खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. असा खळगा दिसायला लागतो तोवर अंगात दोन-तीन लिटर पाणी बहुधा वाढलेलं असतं. रात्री माणूस आडवा होतो. पायातलं पाणी हळूहळू रक्तात परत येतं. आता दोन गोष्टी एकदम घडतात. आडवं झाल्यावर अवयवांची रक्ताची मागणी घटलेली असते, किडनीला जरा बरा पुरवठा मिळतो आणि ती लघवी सोडते. म्हणून रात्री तीन-चारदा उठावं लागतं. घरचे म्हणतात प्रोस्टेट असेल, आणि या वयात तेही असू शकतं, पण सूज आणि धाप सोबत असेल तर आधी हृदयाकडे बघावं. दुसरी गोष्ट म्हणजे परत आलेलं पाणी डाव्या हृदयाला पुढे ढकलता येत नाही, ते फुप्फुसातल्या केशवाहिन्यांमधून बाहेर झिरपतं. माणूस झोपेतून धाप लागून उठून बसतो, खिडकी उघडतो, पाय खाली सोडून बसला की थोड्या वेळाने बरं वाटतं. बरं वाटतं कारण पाणी पुन्हा पायांत उतरतं. पायाची सूज, रात्रीची लघवी आणि रात्रीची धाप हे तीन आजार नाहीत. तेच पाणी जागा बदलतं आहे. उशाला आधी एक उशी पुरायची, आता तीन लागतात, ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती एखाद्या महागड्या तपासणीइतकी मोलाची असते.

उजव्या बाजूला तुंबलं की यकृत फुगतं. उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, दोन घास खाल्ले की पोट भरतं. आतड्याची भिंतही सुजते. त्यामुळे कधीकधी असं होतं की लघवीची गोळी तोंडाने घेऊन काम करत नाही आणि तेच औषध शिरेतून दिलं की भराभर लघवी होते. अशा वेळी 'गोळी बोगस होती' असं वाटतं. गोळी बरी असते, सुजलेलं आतडं ती नीट शोषत नाही.

आणि तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो: किडनीतून बाहेर पडणाऱ्या नीलेतही दाब वाढतो. गाळणीच्या आत येणारा दाब कमी आणि बाहेरचा तुंबारा जास्त, मग गाळणार काय? हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय असं दमलेलं असताना, क्रिएटिनिन वाढण्यामागे हा तुंबारा अनेकदा असतो. अशा रुग्णाची सूज उतरवली की किडनी बिघडायच्या ऐवजी सुधारते. म्हणून 'किडनीसाठी पाणी पाजा' हा सल्ला इथे उलटा बसतो. मुतखडा असलेल्या माणसाला तो बरोबर आहे, तुमच्या वडिलांना नाही.

हृदयही गप्प बसून मार खात नाही. 1981 साली कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना दिला तेव्हा त्यांनी भराभर लघवी आणि मीठ बाहेर टाकलं. हृदय ताणलं गेलं की ते स्वतःच किडनीला 'मीठ सोड' असा निरोप पाठवतं, हे त्यातून कळलं. त्याच कुटुंबातल्या एका संप्रेरकाशी संबंधित एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी वडिलांच्या फाइलमध्ये बहुधा असेल. आकडा जास्त असणं म्हणजे हृदय ओरडून सांगतंय. दुर्दैवाने रेनिनच्या गदारोळात ते कमी पडतं.

आता एनालाप्रिल. मघाशी फुप्फुसातलं एसीई सांगितलं, त्यालाच ही गोळी अडवते. या जातीच्या औषधांचा धागा ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषापर्यंत जातो. त्यातल्या द्रव्यांवरच्या अभ्यासातून पुढे कॅप्टोप्रिल बनलं आणि 1981 साली वापरात आलं. एनालाप्रिलची मोठी चाचणी 1987 साली उत्तर युरोपात झाली. हार्ट फेल्युअरच्या शेवटच्या पायरीवरचे 253 रुग्ण त्यात होते. सहा महिन्यांत साध्या उपचारावरच्या गटात 44 टक्के दगावले, एनालाप्रिलच्या गटात 26 टक्के. हृदयाला चाबूक मारून नाही, तर किडनीकडून निघालेला चुकीचा निरोप वाटेत अडवून माणसं वाचली. 1999 साली अल्डोस्टेरॉन अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीनेही गंभीर रुग्णांतले मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटवले. मूळची मधुमेहाची असलेली डॅपाग्लिफ्लोझिन 2019 मध्ये हार्ट फेल्युअरमध्ये उपयोगी ठरली, तीही किडनीवरच काम करते. हृदयाच्या औषधांच्या यादीत किडनीवर काम करणारी एवढी औषधं का, असं कुणी विचारलं तर हेच सांगा.

मग क्रिएटिनिन का वाढलं? गाळणीत येणारी एक वाट असते आणि बाहेर जाणारी एक. दाब कमी असताना अँजिओटेन्सिन बाहेरची वाट आवळून गाळणीतला दाब कसाबसा टिकवतं. एनालाप्रिलने ती वाट सैल होते. गाळणीतला दाब थोडा उतरतो, गाळण थोडं कमी होतं, क्रिएटिनिन थोडं चढतं. हे औषधाच्या कामाचंच लक्षण आहे. साधारण 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, 1.3 चे 1.6 म्हणजे 23 टक्के. पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं, क्रिएटिनिन दीडपटीच्या पुढे गेलं, लघवी घटली किंवा उठल्यावर अंधारी यायला लागली, तर मात्र लगेच डोस बघायला हवा. कोरडा खोकला सुरू झाला तरी सांगा: फुप्फुसातलं तेच एसीई ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं द्रव्य मोडण्याचंही काम करतं, ते थांबलं की काहींना खोकला येतो. त्यावर कफ सिरप पाजत बसू नका, गोळी बदलून मिळते.

घरात तुमच्या हातात काय आहे? सगळ्यात आधी मीठ. शरीर आपल्या रक्ताचा खारटपणा बदलू देत नाही, त्यामुळे अडकून राहिलेल्या 9 ग्रॅम मिठामागे साधारण एक लिटर पाणी धरलं जातं. 9 ग्रॅम म्हणजे दोन चमच्यांहून कमी. भाजीत मीठ कमी केलं आणि ताटात लोणचं, पापड, फरसाण, मेतकूट तसंच राहिलं तर काही साधत नाही. पापडखार, खायचा सोडा, बेकरीचे पदार्थ यांतही सोडियम असतं. सैंधव चालतं ही समजूत मी रोज ऐकतो. सैंधव हेही बहुतांशी तेच मीठ आहे, ते जास्त खाऊन उपयोग नाही. आणि 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ यांच्यासाठी आणखी धोक्याचं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि एनालाप्रिलवरच्या माणसाचं पोटॅशियम आधीच चढायला बघत असतं. रोजचं शहाळ्याचं पाणी आणि अशक्तपणासाठी म्हणून ओआरएसची पुडी, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

दुसरं, गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांचे भाऊबंद किडनीत येणारी वाट आवळतात. बाहेरची वाट एनालाप्रिलने सैल केलेली, लघवीच्या गोळीने पाणी कमी केलेलं, आणि आता येणारी वाटही आवळली. या तिघांच्या मेळाने किडनी खरोखर बसते. 'हृदयाच्या गोळ्यांनी किडनी गेली' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हकिकतींच्या मागे मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी सापडते, हे माझ्या पाहण्यात वारंवार आलं आहे. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

तिसरं, वजनकाटा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ झाली तर ती चरबी नसते, ते पाणी असतं. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काटा सांगतो, आणि त्या टप्प्यावर फोन केलात तर गोळीत थोडा बदल करून भागतं, ॲडमिट व्हावं लागत नाही. बसल्या जागी धाप लागली, तोंडातून गुलाबी फेस आला किंवा शुद्ध हरपली तर फोनवर सल्ला विचारत थांबू नका, 108 ला फोन करा.

एक प्रसंग मात्र नीट लक्षात ठेवा. उलट्या-जुलाब झाले, चांगलाच ताप आला, जेवणपाणी तुटलं, किंवा विदर्भातल्या मे महिन्यासारखा घामटा निघाला, तर चित्र पालटतं. आता शरीरातलं पाणी खरंच कमी झालेलं असतं आणि किडनीची खबर खरी असते. पण तिचे निरोप आपण औषधांनी अडवून ठेवलेत. अशा दिवशी 'गोळ्या चुकवायच्या नाहीत' हा नियम आंधळेपणाने पाळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी, एनालाप्रिल, डॅपाग्लिफ्लोझिन यांतली कोणती दोन-तीन दिवस थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची ते त्यांना ठरवू द्या. असं झालं तर काय करायचं, हे पुढच्या भेटीतच आधी विचारून लिहून घेतलेलं उत्तम.

त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठाही विचारा. किडनीच हाडांच्या मगजेला रक्तपेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन बनवते, आणि सुजलेलं आतडं लोह धड घेत नाही. त्यामुळे या रुग्णांत लोहाची कमतरता वारंवार सापडते. चार पायऱ्यांत थकवा येण्यामागे ती असू शकते. गोळ्यांनी ती नीट भरून निघत नाही, शिरेतून दिलेल्या लोहाने फरक पडतो. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम एक-दोन आठवड्यांत पुन्हा करायचं का तेही विचारा, आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, दुखण्याच्या आणि आयुर्वेदिक धरून, एका पिशवीत घालून वजनाच्या वहीसकट डॉक्टरांना दाखवा.